घरात ओतलेली गोळी आणि तिच्या टोकातली पोकळी

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री वाचा.

निमित्त सांगतो. आपल्या किल्लाप्रेमींच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एका तरुण मित्राने व्हिडिओ टाकला. परदेशातला कुणी गृहस्थ घराच्या मागच्या शेडमध्ये शिसं वितळवतोय, बंदुकीच्या गोळीचा साचा स्वतःच बदलून घेतोय, आणि साच्यातून निघणाऱ्या गोळीच्या टोकाला पोकळी ठेवतोय. खाली त्या मित्राचा प्रश्न: "काका, आपल्याकडे चिमाजी अप्पांच्या वेळी पण लोक असंच घरी करायचे ना?" त्यावर दोन-तीन जणांनी अंगठे दाखवले, एकाने भगवा झेंडा टाकला, आणि विषय तिथेच राहिला.

प्रश्न चांगला होता, त्याला अंगठ्याने उत्तर देणं बरं नाही. उत्तर अर्धं 'हो' आहे आणि अर्धं 'अजिबात नाही'. या दोन अर्ध्यांच्या मध्ये दीडशे वर्षांचा इतिहास पडलाय आणि त्यात आपला देश चांगलाच अडकलेला आहे. (साच्यात नेमकं काय करतात हे या पोस्टमध्ये मिळणार नाही. त्यासाठी आला असाल तर इथूनच राम राम.)

आधी 'हो' चा भाग.

गोळी ओतणं हे एके काळी खरोखर घरगुती काम होतं. तोड्याची बंदूक म्हणजे पेटत्या वातीने दारू शिलगवायची बंदूक. लोहाराने एकेक नळी हाताने घडवायची, त्यामुळे एका बंदुकीचं तोंड दुसरीसारखं नसायचं. मग सगळ्यांना चालेल अशी गोळी बाजारात मिळणार कुठून? म्हणून बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचा असायचा, चिमट्यासारखा, दोन पाती मिटली की मध्ये गोल पोकळी. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, चुलीवरच्या लोखंडी पळीत सहज. लोखंड ओतायला भट्टी लागते, तांब्याला भाता लागतो, शिशाला स्वयंपाकघर पुरतं. रात्री मुक्कामावर शिपाई शेकोटीभोवती बसून दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या ओतून ठेवायचे, जसा आपला कोळी दुसऱ्या दिवसाचं जाळं नीट करून ठेवतो.

कोळ्याचं नाव उगाच घेतलं नाही. पाचूबंदरला किंवा नायगावला जाऊन पाग बघा, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या घेराला शिशाचे मणी असतात, त्यांच्या वजनाने जाळं पाण्यात पसरून खाली बसतं. धातू तोच, साच्यात ओतण्याची युक्तीही तीच. छापखान्यातले खिळेसुद्धा त्यातलेच. गंमत म्हणजे १८६९ साली मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला आणि त्याच साली पुण्याजवळ खडकीला सरकारी दारूगोळा कारखाना सुरू झाला. एकीकडे शिशाची अक्षरं, दुसरीकडे शिशाच्या गोळ्या.

पण शिसं आपल्याकडे पिकत नव्हतं. राजस्थानात जावरच्या खाणी होत्या, बाकी बरंचसं समुद्रातून यायचं, युरोपियन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. ओर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाने शिवाजी महाराजांना ऐंशी तोफा आणि त्यांच्या सगळ्या बंदुकांना पुरेल इतकं शिसं गुपचूप विकलं. 'बंदुकांना पुरेल इतकं शिसं' हा शब्दप्रयोग नीट वाचा. तयार गोळ्या घेतल्या नाहीत, शिसं घेतलं. पुढचं काम ज्याचं त्याने आपल्या साच्यात करायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत: तो घरांपासून लांब असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावं. राज्याचा जीव दारूत अडकलेला होता. गोळीपेक्षा तिची काळजी जास्त, कारण गोळी काय, पळीभर शिसं असलं की झाली.

आता आपला वेढा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळालेली वसई दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी घेतली. मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली आणि शेवटचा वेढा फेब्रुवारी ते मे असा चालला. तट जमिनीच्या बाजूने भेदायचा होता. मोर्चे पुढे सरकवायचे, सुरुंग खणायचे, वरून दगड, हातगोळे, बंदुकांचा मारा सोसायचा. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंगाने खिंडार पडलं तेव्हा कुठे निकाल लागला. किती माणसं गेली याचे आकडे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे आहेत, पण हजारांत गेली एवढं नक्की. आतल्यांची अवस्थाही अशी की मुंबईकर इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये घ्यायला चर्चची चांदी आणि काही पितळी तोफा गहाण टाकाव्या लागल्या.

या वेढ्यातला एक शब्द लक्षात ठेवा: दमदमा. शत्रूच्या तटावर मारा करता यावा म्हणून मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर तोफा चढवायच्या, त्या ढिगाऱ्याला दमदमा म्हणत. शब्द फारसीतून मराठीत आला, तसाच बंगालीतही गेला. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वेढ्यात उडालेल्या गोळ्या शिशाच्या, गोल, भरीव. टोकालाच काय, कुठेच पोकळी नाही. आणि कुणाला तशी गरजही नव्हती. मऊ शिशाची ती जाड गोळी हाडावर आदळली की स्वतःच चपटी व्हायची आणि हाडाचा चुरा करायची. जखमेत कपड्याचा तुकडा जायचा, मग सडणं, मग मरण. पोकळ टोकाची कल्पना सुचायला आधी गोळी बारीक व्हावी लागली. ती कशी बारीक झाली ते सांगतो.

गोळीत पोकळी आधी आली ती मागच्या बाजूला, टोकाला नाही. तिचं मूळसुद्धा आपल्या देशात सांगतात. १८२० च्या आसपास कॅप्टन जॉन नॉर्टन नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात होता. तिथले लोक फुंकनळीतून बाण मारायचे, आणि बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा बसवलेला असायचा. फुंकर मारली की तो गाभा फुगून नळीला घट्ट बसायचा, हवा वाया जात नसे. नॉर्टनने त्यावरून बुडाशी पोकळ असलेली गोळी बनवली: दारूचा भडका उडाला की बूड पसरून नळीला चिकटेल अशी. फ्रान्समध्ये मिन्येने ती कल्पना पूर्णत्वाला नेली, आणि त्याच जातीची गोळी एनफिल्ड रायफलीतून १८५७ मध्ये हिंदुस्थानात आली.

आली कुठे? दमदमला. कलकत्त्याजवळ. गावाच्या नावाचं मूळ तोच आपला दमदमा, मातीचा उंचवटा, असं मानतात. आज कोलकात्याला विमानाने गेलात तर उतरता तेच दमदम. नव्या रायफलीचं शिक्षण देणारी शाळा तिथे होती. जानेवारी १८५७ मध्ये तिथल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं, शिपायाने जातीचं कारण सांगून नाकारलं, तेव्हा खलाशी म्हणाला की लवकरच गायीची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसं दाताने तोडावी लागतील, तेव्हा कुठे जाईल तुमची जात? पुढचं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं आहे.

या उठावानंतर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हा शिरस्ता पडला. आणि प्रजेच्या हातातली हत्यारं काढून घेतली. त्याचा कळस लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली. त्या एका वर्षात तीन कायदे आले. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा, परवान्याशिवाय हत्यार बाळगू न देणारा, आणि जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवायला लावणारा. म्हणजे बोलायचं नाही, हत्यार धरायचं नाही, आणि खणताना काही मिळालं तर आधी कलेक्टरला सांगायचं. हत्यारांच्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती, म्हणून राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. घराघरातला गोळीचा साचा अडगळीत गेला तो या काळात. धर्मामुळे नाही, अहिंसेमुळे नाही, दारोग्याच्या भीतीमुळे. पुढे १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी होतं ते यामुळेच. हत्यार घडवणाऱ्या देशात हत्यार समुद्रातून चोरून आणावं लागत होतं.

साचा मात्र एका वर्गाच्या हातात राहिला. साहेब शिकाऱ्यांच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाघा-सांबरांच्या शिकारीसाठी 'एक्स्प्रेस' जातीच्या रायफली आल्या. त्यांची गोळी हलकी, वेगवान आणि टोकाला पोकळ. रायफल लाकडी पेटीत यायची, आणि पेटीत एका खणात साचा असायचा. म्हणजे आमच्या मित्राने पाहिलेला तो व्हिडिओ, तंबूतल्या साहेबाने दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेला. शरीरात शिरली की तोंड पसरून रुंद होणारी ही गोळी मऊ अंगाच्या जनावराला जागेवर पाडते, असं तिचं कौतुक होतं. सॅम्युअल बेकरसारख्या अनुभवी शिकाऱ्याने मात्र मोठ्या जनावरांसाठी ती बेभरवशाची म्हणून तिच्यावर टीका केली: वरवर फुटते, आत पोचत नाही, जनावर घायाळ होऊन जंगलात मरतं. तर सांगायचा मुद्दा हा की पोकळ टोकाची गोळी पहिल्यांदा शिकारीची गोळी होती. तिचं गिऱ्हाईक वाघ होता.

माणसासाठी ती आणायची गरज कशी पडली?

१८८० नंतर धूर न करणारी दारू आली. तिचा जोर जास्त, म्हणून गोळी बारीक करता आली. मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, नव्या ली-मेटफर्डची पावणेआठ. पण त्या वेगाला नुसतं शिसं नळीतच घासून निघायचं, म्हणून त्यावर कठीण धातूचं कवच चढवलं. झालं असं की ही बारीक, कवचबंद गोळी अंगातून सुईसारखी आरपार जायला लागली. हाडाला लागली नाही तर माणूस धावतच राहायचा. डॉक्टर लोक खूश झाले, जखमा स्वच्छ होत्या, बऱ्या होत होत्या. सेनाधिकारी नाखूश. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी सुरू झाल्या की पठाण गोळी खाऊनही अंगावर येतो.

उत्तर दमदमच्या कारखान्याने दिलं. तिथला अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचं कवच किंचित उघडं ठेवलं, आतलं मऊ शिसं पुढे दिसेल असं. गोळी पुन्हा पसरू लागली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, आफ्रिदी टोळ्यांविरुद्ध, ती वापरली गेली. गोऱ्या पलटणींकडे ही नवी रायफल, देशी पलटणींकडे जुनी मार्टिनी. १८९७ हे साल महाराष्ट्रात आपण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतो: प्लेग, रँड, २२ जूनची गणेशखिंड, चापेकर. त्याच वर्षी सरहद्दीवर एका बंगाली गावाचं नाव जगभरच्या भाषांत जात होतं. आजही डमडम म्हटलं की इंग्रजी माणसाला गाव आठवत नाही, गोळी आठवते.

विलायतेतल्या वूलिचच्या कारखान्यानेही मग आपली आवृत्ती काढली, या वेळी सरळ पोकळ टोकाची. आणि इथे ती घटना येते जिच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली. १८९८ च्या वसंतात सुदानमध्ये किचनरची फौज अटबराच्या लढाईची तयारी करत होती. गोऱ्या ब्रिगेडकडे नवीन गोळ्या नव्हत्या, जुन्याच कवचबंद होत्या. मग छावणीत शिपायांना कानशी देऊन बसवलं आणि गोळ्यांची टोकं हाताने घासून काढायला लावली. 'डेली मेल' चा वार्ताहर जी. डब्ल्यू. स्टीव्हन्स बरोबर होता, त्याने हे लिहून ठेवलंय. पुढे सप्टेंबरात ओमदुर्मानला कारखान्यातल्या पोकळ टोकाच्या गोळ्या पोचल्या होत्या. एका सकाळी महदीच्या बाजूचे दहा हजारांच्या आसपास मेले, किचनरचे पन्नासही नाहीत. बहुतेक मारा मशीनगन आणि तोफांचा होता, ते श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही.

पण मला राहून राहून आठवते ती छावणी. गावाकडून आलेली वीस-बावीस वर्षांची पोरं रांगेने बसलीत, मांडीवर काडतुसं, हातात कानस. कुणी बुजुर्ग कारागीर नाही, कुणी शौकीन नाही. ज्याच्या अंगात ही गोळी जाणार तो आपल्यासारखा माणूस नाही, हे आधी पटवून दिलेलं असल्याशिवाय असं काम दिवसभर कसं करता येईल?

आणि हे पटवलेलं होतं याचा पुरावा हेगच्या कागदांत आहे. १८९९ च्या मे ते जुलैत हेगला शांतता परिषद भरली. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला. ट्युबिंगेनचा जर्मन शल्यविशारद ब्रून्स याने केलेल्या जखमांच्या प्रयोगांचा दाखला दिला गेला. ब्रिटिशांचं म्हणणं होतं की त्याने वापरल्या त्या शिकारीच्या गोळ्या, दमदमच्या नव्हेत, आणि त्यात तथ्य होतं, त्याच्या गोळ्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं होतं. पण ब्रिटनचा प्रतिनिधी सर जॉन आर्डा एवढ्यावर थांबला नाही. त्याचा युक्तिवाद असा: सुसंस्कृत शिपायाला गोळी लागली की तो समजून मागे जातो, त्याला लवकर रुग्णवाहिकेत नेलं जातं. रानटी माणूस मात्र दोन-तीनदा भोसकला गेला तरी भाला घेऊन येतच राहतो, आणि तू हेगच्या निर्णयाचा भंग करतो आहेस हे त्याला समजावेपर्यंत तो तुमचं डोकं उडवतो. सभागृहात हे विनोदाने बोलला. 'रानटी' म्हणजे कोण, हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आफ्रिदी, दरवेशी, उद्या कदाचित आपण.

ठराव मंजूर झाला. विरोधात ब्रिटन आणि अमेरिका. पोर्तुगाल तटस्थ. (आपल्या जुन्या मालकांना इथेही काही ठरवता आलं नाही.) दोघेही, ब्रिटन नि पोर्तुगाल, १९०७ मध्ये सामील झाले.

ठरावातली पळवाट मात्र बघण्यासारखी आहे. सह्या करणाऱ्या राष्ट्रांचं आपापसात युद्ध झालं तरच तो बंधनकारक होता. आफ्रिदींनी सही केली नव्हती, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. हिंदुस्थानलाही नाही, गोळीला नाव आपलं असून. त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी युद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटनने सही केलेली नसूनही पोकळ टोकाच्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरवलं. एक कारण तांत्रिक होतं, त्या गोळ्या नळीत कवच सोडत असल्याचं दिसलं होतं. दुसरं कारण, बोअर गोरे होते. कुठलं कारण किती वजनाचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझं मत झालेलं आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी सांगेलच. आज जगातले बरेच पोलीस पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८ मध्ये ठरवलं, लंडनच्या पोलिसांनी २०११ मध्ये. कारण शहरातलं: कवचबंद गोळी गुन्हेगारातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागते. संध्याकाळी सहा वाजता वसई रोड स्टेशनच्या पुलावर उभे राहा म्हणजे हे कारण पटेल. युद्धात बंदी आणि शहरात परवानगी, हे विसंगत वाटतं खरं. पण पोलिसाच्या गोळीमागे चौकशी असते, प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागतो, निदान द्यायला हवा. शेडमध्ये ओतलेल्या गोळीमागे यातलं काहीच नसतं.

मग त्या मित्राच्या प्रश्नाचा व्यवहारातला भाग, कारण तो व्हिडिओ बघून कुणाच्या तरी डोक्यात 'करून बघू' येणार. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा शनिवार-रविवारचा छंद आहे. इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री धरलेली आहे. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बनवणं गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पूर्वी तीन ते सात होती. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केलीय. आपल्या तालुक्यात हे वाक्य दोनदा वाचणारे काही असतील.

शिवाय शिसं. वितळलेल्या शिशाची वाफ, धूळ, हाताला लागलेला थर, सगळं अंगात जातं आणि राहतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमची इजा होते. जुन्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांना विचारा, पोटदुखी ही त्यांच्या धंद्याची सोबतीण होती. पागाचे मणी घरी ओतत असाल तर तेही उघड्यावर करा, पोरांना लांब ठेवा, आणि ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

आता ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक पोटमाळ्यावर आहे त्यांच्यासाठी. पूर्वपट्टीच्या गावांतून पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुका परवान्यावर असायच्या. जुन्या घाटाची, पुराणवस्तूचं मोल असलेली किंवा मोडकी, आणि दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशी बंदूक असेल तर कायद्यात तिला वेगळी सूट आहे. पण ती 'चालणार नाही' हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. परवाना संपला असेल, ज्याच्या नावावर होता तो वारला असेल, तर पोलीस ठाण्यात जमा करायची तरतूद आहे. वकिलाचा सल्ला घ्या आणि करून टाका. गुपचूप विहिरीत टाकू नका, असंही काहींनी केलेलं मला माहीत आहे.

आणि किल्ल्यात कधी तटाच्या पायथ्याशी पावसाने माती वाहून गेल्यावर शिशाची गोळी दिसली, तर खिशात घालू नका. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि १८७८ चा तो तिसरा कायदा, निखात निधीचा, अजून लागू आहे: दहा रुपयांवर किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. जागेवरच फोटो काढा, शेजारी माप म्हणून एक नाणं ठेवा, आणि खात्याच्या माणसाला दाखवा. गोळी कुठल्या जागी, किती खोल, कुठल्या बाजूला चपटी झालेली सापडली यावरून ती आतून बाहेर सुटली की बाहेरून आत, हे कळू शकतं. खिशातून घरी नेलेल्या गोळीवरून काहीच कळत नाही.

त्या मित्राला वेगळं उत्तर दिलंय, त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण त्याचा मूळ कुतूहलाचा भाग मला आवडला, म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, वाडीत, कोळीवाड्यात कुणी म्हाताऱ्या माणसाकडे शिसं ओतायचा जुना साचा असेल, पागाच्या मण्यांचा, खिळ्यांचा, कशाचाही, तर मला कळवा. फोटो काढून, कुणी वापरला, कुठून आणला एवढं लिहून ठेवायचं आहे. पाचूबंदरहून एक निरोप आलाय, या रविवारी सकाळी तिथे जातोय. कुणाला यायचं असेल तर साडेसातला पारनाक्यावर भेटा.